एअर रायफल की .२२? आधी बांध बघा

ऑस्टिनच्या पश्चिमेला आम्ही पाच एकर जमीन घेतली तेव्हा गावाकडून फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न होता, काय पेरणार? इथल्या शेजाऱ्यानं पहिल्याच भेटीत विचारलं ते भलतंच: रायफल कुठली घेणार? मला हसू आलं होतं. वर्षभरात सशांनी मेथीचे दोन वाफे बुडख्यापर्यंत खाल्ले, उंदरांनी कोंबड्यांच्या खुराड्याखाली बिळं केली आणि पिकानची फळं पिकण्याआधीच खारींनी झाड रिकामं केलं. मग मीही दुकानात गेलो आणि विक्रेत्यानं पुढे केली ती .२२ रायफल घेऊन आलो.

पहिल्याच रविवारी कुंपणाजवळ जमिनीवर रिकामा डबा ठेवला आणि बार काढला. डबा हलला नाही. त्याच्या पुढ्यातल्या टणक, पांढऱ्या चुनखडीच्या जमिनीचा (इथे तिला कॅलिची म्हणतात) टवका उडाला आणि लांबत जाणारी एक बारीक शीळ ऐकू आली. गोळी जमिनीवर टप्पा खाऊन कुंपणापलीकडे गेली होती. पलीकडे शेजाऱ्याच्या गाई होत्या, त्यापुढे रस्ता. कुणाला काही झालं नाही. पण ती गोळी कुठे पडली हे मला आजही माहीत नाही. अमेरिकेत पाच-दहा एकर घेणारी मराठी मंडळी हल्ली ‘रायफल कुठली घ्यायची?’ असं विचारतात, तेव्हा ती शीळ आठवते. हा लेख त्यांच्यासाठी.

नाव एक, वस्तू दोन

पहिला गोंधळ नावाचा. दुकानात ‘.२२’ म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. एक .२२ व्यासाचा छरा उडवणारी एअर रायफल, दुसरी .२२ लाँग रायफल काडतूस उडवणारी रिमफायर. नळीचं भोक जवळजवळ सारखं, बाकी काहीच सारखं नाही.

एअर रायफलमध्ये दाबलेली हवा छरा ढकलते. रिमफायरमध्ये दारू जळते. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेत ठिणगी पाडणारा मसाला भरलेला असतो, चाप ओढला की ती कड ठेचली जाते, म्हणून नाव रिमफायर. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे.

आपल्या खेळाडूंवरून सांगतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेता झाला तो १० मीटर एअर रायफलमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि त्याच्या हातात होती .२२ रिमफायर. एकाचं लक्ष्य घराच्या ओसरीएवढ्या अंतरावर, दुसऱ्याचं त्याच्या पाचपट लांब. दोन्ही हत्यारांचा स्वभाव या अंतरांत आला.

आकडे इथल्या दुकानी मापात बघू. साधी .१७७ एअर रायफल आठ ग्रेनचा छरा सेकंदाला साडेआठशे फुटांनी फेकते तेव्हा नळीच्या तोंडाशी ऊर्जा जेमतेम १३ फूट-पौंड असते. साधी .२२ एअर रायफल १५ च्या आसपास जाते, आधी हवा भरून ठेवायची चांगली रायफल ३० च्या पुढे. .२२ रिमफायरची ४० ग्रेनची गोळी काडतुसाप्रमाणे १०० ते १४० फूट-पौंड घेऊन निघते. साध्या एअर रायफलच्या सात ते दहा पट.

पाच एकरांचं गणित

पाच एकर म्हणजे २०० गुंठे. गावाकडे हा आकडा भारदस्त वाटतो. रायफलीच्या हिशेबात तो किती लहान आहे ते बघा. पाच एकरांचा चौकोनी तुकडा घेतला तर एक बाजू सुमारे ४६७ फूट. मधोमध उभं राहिलात तर कुंपण २३३ फुटांवर, म्हणजे ७८ यार्डांवर. .२२ लाँग रायफलच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो: पल्ला दीड मैल. दीड मैल म्हणजे ७,९२० फूट. असे सतरा प्लॉट एका ओळीत ठेवा, तेव्हा कुठे ती गोळी घरच्या घरात पडेल.

“मी काही आकाशात बार काढणार नाही,” असं कुणी म्हणेल. सपाट जमिनीवर उभं राहून अगदी आडवा बार काढला तरी खांद्यापासून जमिनीपर्यंत पडायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती पाचशे फुटांच्या आसपास गेलेली असते. म्हणजे कुंपण ओलांडून. आणि जमिनीला लागली की थांबेलच असं नाही. टणक जमीन, दगड आणि पाणी या तिन्हींवरून .२२ ची शिशाची गोळी टप्पा खाते.

छऱ्याचा आकार कमरेत चिमटलेला, मागे घेरदार. हवा त्याला लगेच पकडते आणि त्याचा वेग झपाट्यानं उतरतो. त्याचा जास्तीत जास्त पल्ला काही शे यार्डांचा. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोही पाच एकरांचं कुंपण ओलांडू शकतो, आणि थकलेला छराही डोळा फोडायला पुरतो. पण चूक झाली तर ती साधारण शेजारच्या शेतात संपते. .२२ ची चूक पुढच्या वस्तीत संपते.

गावाकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. इथे रायफल हातात घेतली की बांधाला दुसरा अर्थ येतो: नेमाच्या मागे गोळी गिळणारी माती आहे का? जनावर केवढं आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

कुठल्या जनावरासाठी काय

उंदीर-घुशींना एअर रायफल पुरते. खुराड्याजवळ दहा-पंधरा यार्डांवर .१७७ सुद्धा चालते. तिथे .२२ रिमफायर वापरणं म्हणजे पत्र्याला, फळीला आणि कदाचित पलीकडच्या पाण्याच्या नळाला भोक पाडणं.

ससा आणि खार यांच्यासाठी .२२ व्यासाची एअर रायफल, पंचवीस-तीस यार्डांच्या आत, डोक्यावरच नेम. त्याहून लांबून जनावर नुसतं जखमी होतं आणि बिळात जाऊन तडफडतं. ते आपल्या हातून होऊ नये. फांदीवरच्या खारीवर रिमफायर कधीच नको, कारण तिच्या मागे फक्त आकाश असतं. टेक्सासमध्ये खार ‘गेम अ‍ॅनिमल’ आहे. शिकारीचं लायसन्स लागतं आणि हंगाम कौंटीप्रमाणे बदलतो. जमीन आपली असली तरी त्यावरची खार आपली नव्हे.

रकून, ओपोसम, आर्मडिलो यांच्यापासून .२२ रिमफायरचा खरा उपयोग सुरू होतो, तोही जनावर जमिनीवर आणि मागे मातीचा चढ असेल तेव्हाच. रकून आणि ओपोसम इथे केसाळ कातडीच्या प्राण्यांत मोडतात आणि त्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी वाचा. भर दिवसा झोकांड्या खात फिरणारा रकून किंवा स्कंक दिसला तर लांब राहून अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करा. रेबीजची तपासणी मेंदूवर होते. डोक्यात गोळी घातली की तपासणीची सोय संपते.

कोयोटी आणि रानडुकरांसाठी या दोन्ही रायफली अपुऱ्या आहेत. जखमी डुक्कर तुमच्या अंगावर येईल. जाणकार पारध्याला बोलवा. सापावर तर कुठलीच रायफल नको. तो जमिनीवर असतो, तुम्ही वरून मारता, आणि कॅलिचीवर काय होतं ते वर सांगितलंच आहे. लांबून पाण्याचा पाइप सोडला की बहुतेक साप निघून जातो.

पक्ष्यांबाबत १९१८ चा ‘मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्ट’ लक्षात ठेवा. कोंबडी उचलणारा ससाणा, घुबड, सुतारपक्षी, अंजीर खाणारा मॉकिंगबर्ड, सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे. घरचिमणी, युरोपियन स्टारलिंग आणि पाळीव वंशाचं रानटी कबूतर या बाहेरून आलेल्या पक्ष्यांना नाही. पक्षी नक्की ओळखता येत नसेल तर चापावर बोटच नको.

आपल्या लोकांसाठी कायद्याची गोष्ट

विक्रेता हे समजावून सांगेलच असं नाही, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात .२२ रिमफायर ‘फायरआर्म’ आहे, एअर रायफल नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फायरआर्म किंवा त्याची काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला ही बंदी लागू नाही, पण हत्याराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर पाठवता येतं. तुम्ही व्हिसावर असाल तर खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. त्याची फी रायफलीएवढी झाली तरी स्वस्तच.

यातली खाचखळग्याची जागा म्हणजे पाहुणे. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा, मामा-मामी येतात. “मामा, घ्या, एक बार काढून बघा,” असं आपण कौतुकानं म्हणतो. मामा बी-२ वर आहेत. ती रायफल हातात घेणंसुद्धा त्यांना अडचणीत आणू शकतं. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसरा व्हिसावर असेल तर तिजोरीची किल्ली ग्रीन कार्डवाल्याकडेच राहू द्या. मामांची हौस एअर रायफलवर भागवा.

मात्र राज्याचा कायदा बघून. एडिसनकडच्या मित्रांनो, न्यू जर्सी एअर गनलाही फायरआर्मच मानते. तिथे एअर रायफल घ्यायलाही कागदपत्रं लागतात. टेक्सास सैल आहे असा सगळ्यांचा समज, पण इथेही शहराच्या हद्दीबाहेरच्या सबडिव्हिजनमध्ये दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर गोळी झाडायला कौंटी बंदी घालू शकते. म्हणजे नेमकं आपल्यासारख्यांच्याच जमिनीवर. शिकार करताना गोळी दुसऱ्याच्या हद्दीत गेली तर तोही गुन्हा, दोन्ही जमिनी तुमच्या असल्या किंवा शेजाऱ्याशी लेखी करार असला तरच सुटका. सार्वजनिक रस्त्यावरून बार काढणं वेगळा गुन्हा. शिवाय खरेदीखतातल्या अटी आणि एचओएचे (घरमालक संघटनेचे) नियम वाचा. शेरीफच्या कार्यालयात एक फोन केला की बऱ्याच शंका मिटतात.

एअर रायफल घ्यायची तर

.१७७ आणि .२२ या दोन मापांत निवड असते. खुराड्यातल्या उंदरांसाठी आणि सरावासाठी .१७७. ससा-खार असतील तर .२२, कारण जड छरा जास्त जोर पोचवतो.

नळी मोडून स्प्रिंग ताणायची ‘ब्रेक बॅरल’ स्वस्त आणि साधी, वर्षानुवर्षं टिकते. पण तिचा धक्का आधी मागे, मग पुढे असा दुहेरी असतो. साधी दुर्बीण त्यानं बिघडते, म्हणून एअरगनसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या. तिला आवळून धरू नका. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर सैल ठेवा, नाहीतर छरे परातभर पसरतात. छरा न घालता चाप ओढू नका, स्प्रिंग ताणून ठेवून विसरू नका.

दुसरी पीसीपी, तिच्या टाकीत तीन हजार पीएसआय किंवा त्याहून जास्त दाबाची हवा आधी भरायची. धक्का जवळजवळ नाही, नेम सोपा, जोर जास्त. खर्चही जास्त, आणि सोबत हातपंप किंवा कॉम्प्रेसर लागतो. तीन हजारांपर्यंत हातपंप मारणं म्हणजे व्यायामशाळाच. पण आठवड्याला चार-पाच वेळा उपयोग असेल तर पीसीपी घेतल्याचा पश्चात्ताप होत नाही.

खोक्यावरच्या ‘१,२०० फूट/सेकंद’ या आकड्याला भुलू नका. तो हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यानं काढलेला असतो. आवाजाच्या वेगापुढे गेलेला छरा कडाडतो आणि भरकटतो. जरा जड शिशाचा छरा आणि आठ-नऊशेच्या आतला वेग, एवढंच हवं. पोलादी गोल बीबी तर नकोच, ते कशावरूनही परत अंगावर येतात.

.२२ घ्यायची तर

लहान जमिनीवर बोल्ट अ‍ॅक्शन बरी. प्रत्येक बारानंतर हातानं बोल्ट मागे ओढावा लागतो, आणि त्या दोन सेकंदांत मागे काय आहे ते पुन्हा बघायला सवड मिळते. अर्धस्वयंचलित रायफली लोकप्रिय आहेत, रुगर १०/२२ तर १९६४ पासून घराघरांत आहे, पण कमी जोराच्या काडतुसांवर त्या नीट चालत नाहीत. आणि आपल्याला तीच काडतुसं हवीत.

आवाजाच्या वेगाखालची ‘सबसॉनिक’ काडतुसं कडाडत नाहीत. त्याहून मवाळ म्हणजे ७१० फूट/सेकंदाची ‘क्वाएट’ प्रकारची, त्यांची ऊर्जा ४५ फूट-पौंडांवर येते. म्हणजे पीसीपीच्या शेजारी. जनावरावर पोकळ टोकाची गोळी वापरा. ती लागल्यावर पसरते आणि भरीव गोल टोकाच्या गोळीपेक्षा कमी उसळते. कमी उसळते याचा अर्थ उसळत नाही असा घेऊ नका. साध्या काडतुसाचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो. कानाला संरक्षण लावाच, डोळ्याला दोन्ही रायफलींसाठी.

बांध घाला, मग सराव

रायफलीआधी बांध. .२२ साठी दगड वेचून काढलेल्या मातीचा सहा-आठ फूट उंच, तळाशी रुंद ढिगारा. एक दिवस ट्रॅक्टरवाला बोलावला की होतो. एअर रायफलीच्या सरावाला लाकडी खोक्यात ‘डक्ट सील’ नावाची इलेक्ट्रिशियनची लांबी दाबून भरली तरी छरे त्यात मुकाट रुततात, आणि शिसं मातीत न जाता परत हाती येतं. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुवा. मारलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, ते खाणाऱ्या गिधाडा-गरुडांच्या पोटात तेच शिसं जातं.

दुसरी युक्ती उंचीची. ओट्यावरून खालच्या अंगाला नेम धरला की गोळी मऊ जमिनीत घुसते. माझ्यासारखं सपाट, टणक जमिनीवर आडवं मारू नका.

सराव किती? तुम्ही ठरवलेल्या अंतरावरून लागोपाठ पाच बार क्वार्टरच्या नाण्याएवढ्या वर्तुळात पडेपर्यंत. नाही पडले तर अंतर कमी करा. जनावरावर त्याहून लांबून मारायचं नाही.

घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं फायरआर्म लागू देणं हा मोठ्यांचा गुन्हा आहे. एअर रायफललाही हाच नियम घरात लावा. मुलांना ती खेळणं वाटते, आणि आपल्यातल्या अनेकांना जत्रेतले फुगे फोडल्यापासून तसंच वाटतं.

हा सल्ला गावाकडे नेऊ नका

कोकणातल्या बागेत वानर-माकडं आणि डुकरं छळतात म्हणून कुणी हा लेख कापून पाठवेल, तर थांबा. भारतात .२२ रिमफायरला शस्त्र परवाना लागतोच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरहून मोठ्या भोकाच्या किंवा २० ज्यूलहून जास्त ऊर्जेच्या एअर रायफललाही लागतो. त्याहून लहान एअरगन विनापरवाना मिळाली तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. पिकाचं नुकसान झालं तर वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

शेवटी काय घ्यायचं?

दहा एकरांखाली पहिलं हत्यार म्हणून .२२ व्यासाची एअर रायफल घ्या. रिमफायर दुसरी, आणि तीही तीन गोष्टी जुळल्या तर: कागदपत्रं चोख, कौंटीची परवानगी, आणि स्वतः घातलेला मातीचा बांध. यातली एक जरी कमी असेल तर दुकानातून रिकाम्या हातानं परत या.

आणि दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी वही घेऊन कुंपणानं चालत जा. जनावरं जिथे दिसतात तिथे थांबा. तिथे नेम धरला तर मागे काय आहे ते लिहा: घर, रस्ता, गाई, आकाश, की माती. त्या शिळेनंतर मी हे केलं. माझ्या पाच एकरांत मागे माती असलेल्या जागा तीनच निघाल्या. दोन एअर रायफलीच्या कामाच्या, एक नव्या बांधासमोरची. त्या एका जागेसाठी .२२ कपाटात आहे, वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघते. उंदीर कमी झाले ते कोंबड्यांचं खाणं पत्र्याच्या डब्यात गेल्यावर आणि खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लागल्यावर. मेथीच्या वाफ्याभोवती दोन फूट उंच जाळी लावली, तेव्हापासून ससे बाहेर बसून बघतात.